दुसरी सीट

हरकऱ्यांच्या घरात एकटं कोणी कुठे जात नसे. त्याला कारण एक वाघ होता.

नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत असताना या घराण्याचा मूळपुरुष डाकेची थैली पाठीला बांधून जबलपुराहून मंडल्यापर्यंत पळत जायचा आणि पळत यायचा, एकटा. एका फेरीत त्याला वाघानं नेलं. पुढे तो वाघ मेला, भोसले गेले, इंग्रज आले आणि गेले, मंडल्याला मोटारी धावू लागल्या. पण घराण्यानं घेतलेला धसका काही गेला नाही. जबलपुरात ओमतीच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरातून जो कोणी बाहेर पडायचा, तो सोबत घेऊनच पडायचा. पोरीबाळींपुरता हा कायदा नव्हता. पुरुषांनाही तोच होता, आणि खरं सांगायचं तर पुरुषच तो जास्त मनापासून पाळत. बापूसाहेब हरकरे रेल्वेच्या ऑफिसात जन्मभर नोकरी करून निवृत्त झाले ते शेजारच्या श्यामसुंदर बक्षींबरोबर जाऊन-येऊन. बक्षींना ताप आला की बापूसाहेबांनाही अंगात कणकण वाटे. न्हाव्याकडेसुद्धा दोघं मिळून जात, आणि ज्याचे केस कापायचे नसत तो आरशात बघत गंभीरपणे बसून राही. अगदीच कोणी मिळालं नाही तर खिशात एक खडा टाकायचा आणि मनात म्हणायचं, हा माझा सोबती. पण तो शेवटचा उपाय.

त्यामुळे बापूसाहेबांची मुलगी प्रतिमा एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, की मी विमान चालवायला शिकणार आहे, त्या वेळी बापूसाहेबांनी लोक काय म्हणतील, विमान पडलं तर काय, यातलं काहीही विचारलं नाही. वरणाचा एक भुरका मारून ते म्हणाले,

"सीटा किती?"

"दोन. एक शिकणाऱ्याची, एक शिकवणाऱ्याची."

"मग ठीक आहे," बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

प्रतिमा गन कॅरेज फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालच्या रेघांवर शाईनं त्याच रेघा पुन्हा ओढायच्या, हे तिचं काम. तोफगाड्याचं चाक तिनं इतक्यांदा काढलं होतं, की स्वयंपाकघरात पोळी लाटताना तिला मधोमध आसाचं भोक ठेवावंसं वाटे. पण एवढ्या वर्षांत एक रेघ तिची स्वतःची निघाली नव्हती. जरा बोट सरकलं आणि रेघ स्वतःची होऊ लागली, की मोठे साहेब ब्लेडनं खरवडून टाकायला लावत.

अशात नोटीसबोर्डावर एक कागद लागला. डुमन्याच्या धावपट्टीवर फ्लाइंग क्लब सुरू झाला आहे, फॅक्टरीतला कोणीही माणूस नाव घालू शकतो. चहाची वाट बघताना सगळ्यांनी तो वाचला आणि चहा आल्यावर सगळे विसरले. प्रतिमा विसरली नाही. क्लबातल्या बाबूनं तिला बघून सांगितलं, की 'कोणीही' म्हणजे पुरुषांपैकी कोणीही. तिनं विचारलं, तसं लिहिलंय कुठे. बाबूनं चष्मा लावून कागद खालवर बघितला, उलटा करून मागची बाजूही बघितली. मागची बाजू कोरी होती. तिचं नाव घातलं गेलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी प्रतिमा डुमन्याला जाऊ लागली, आणि अर्थातच सोबतीला शरयूआत्या. शरयूआत्या बापूसाहेबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि प्रतिमाच्या आईच्या मागे घर तिनंच चालवलं. धावपट्टीच्या कडेला एक मोहाचं झाड होतं. त्याखाली आत्या घडीची खुर्ची मांडी, शंकरपाळ्यांचा डबा पायाशी ठेवी आणि विणायला घेई. पासष्टच्या लढाईत जवानांसाठी खाकी मफलर विणायला तिनं सुरुवात केली होती. ती लढाई संपली, पण हे कोणी आत्याला सांगितलं नाही. जवानांचं झाल्यावर गल्लीतल्या लोकांचं झालं, मग दूधवाल्याचं झालं, आणि आता ओमतीत थंडीच्या दिवसांत बाहेरगावचा माणूस आला तर त्याला इथे फौजेची छावणी पडली आहे असं वाटे.

शिकवायला तिवारीजी होते. एअरफोर्समधून निवृत्त झालेले, स्वभावानं मऊ आणि देहानं भरगच्च. आधी तिवारीजी चढत. मग विमान त्यांच्या बाजूला कलून थोडा वेळ विचार करी. मग दुसऱ्या बाजूनं प्रतिमा चढे. दोन सीटा शेजारी-शेजारी, पायाशी दोघांना आपापली पॅडलं, पण ती आतून एकमेकांना जोडलेली: हिनं दाबलं की त्यांचंही दबायचं. उतरल्यावर तिवारीजी मोहाखाली येऊन शंकरपाळे खात आणि खाता खाता एक शंकरपाळा हातात विमानासारखा धरून चूक कुठे झाली ते समजावत. प्रतिमा ऐके. आत्याही ऐके. सुया चालूच असत, पण एक कान शंकरपाळ्याकडे असे. विमान हे वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं, नाक फार लवकर वर घ्यायचं नाही, हे सगळं आत्याला वर्षभरात पाठ झालं. एकदा तिवारीजींनी स्वतःच्या पोटावर थाप मारून सांगितलं, की मी शेजारी नसलो की विमान एवढं हलकं होतं, की खाली उतरायलाच तयार होत नाही. असली वजन तो ये है, बुआजी. आत्यानं ते मनात ठेवलं. तिथेच सगळ्याची सुरुवात झाली.

प्रतिमाची अडचण उतरण्याचीच होती. उडायला काही नाही. इंजिन ओढतं, विमान उडतं. उतरताना मात्र तिचं विमान जमिनीला चाक लावून दचके आणि पुन्हा वर उडी मारी, गरम तव्यावर पाय पडल्यासारखं. कडेला चरणाऱ्या गाईंनीसुद्धा तिची वेळ ओळखून ठेवली होती. ती वर गेली की त्या जागा बदलत. पण पोरगी हटणारी नव्हती. फॅक्टरीतून घरी आली, की स्वयंपाकघरात पाटावर बसे, दोन पायांखाली दोन उश्या, हातात लाटणं, आणि चुलीपर्यंत उतरून दाखवी. आत्या फोडणी देता देता म्हणे, नाक वर, अजून वर, आता ठेव. चुलीजवळ प्रतिमा फार छान उतरायची.

एकाहत्तरचा नोव्हेंबर उजाडला आणि लढाई येणार हे गावात सगळ्यांना कळलं. फॅक्टरीचा भोंगा वेळी-अवेळी वाजू लागला, ओव्हरटाइम लागला, खिडक्यांना काळे कागद चिकटले. तोफगाड्यांचे नकाशे इतके मागवले जाऊ लागले, की प्रतिमाच्या बोटांची शाई धुऊनही जाईना. रविवारची सुटी बंद झाली. एकच रविवार कसाबसा मोकळा मिळणार होता. आणि नेमकं त्याच वेळी तिवारीजींनी बातमी आणली. क्लबाचं विमान त्या रविवारनंतर दुसऱ्या गावी हलवणार. क्लब बंद. पुन्हा कधी उघडेल ते देव जाणे. ज्यांनी एकदा तरी एकट्यानं उडून विमान सुखरूप उतरवलं असेल, त्यांची नावं वर पाठवायची; हवा निवळली की त्यांना पुढे शिकायला बोलावतील. बाकीच्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, म्हणजे करायचं नाही, असा त्याचा अर्थ.

"इतवार को," तिवारीजी म्हणाले. "अकेले. नहीं तो बिटिया, किस्सा खतम."

प्रतिमा म्हणाली, जी. मोठं काही बोलायची तिची सवय नव्हती. पण त्या दिवशी चुलीजवळ सरावाला बसली ती भात करपेपर्यंत उठली नाही.

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. बापूसाहेबांनी पुन्हा तेच विचारलं, फक्त वेगळ्या तऱ्हेनं.

"दुसऱ्या सीटवर कोण?"

"कोणी नाही."

"तिवारीजी?"

"ते खाली उभे राहतील."

"खाली उभं राहून सोबत होत नाही," बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं नाही.

पुढचे काही दिवस घरात दुसऱ्या सीटवर माणसं बसवण्याचा कार्यक्रम चालला. बापूसाहेबांनी आधी बक्षींना बसवून बघितलं, अर्थात बोलण्यात. बक्षींना झुल्यावरसुद्धा मळमळतं असं निघालं. आत्या म्हणाली, मी बसते न, मला माहीत आहे सगळं. शेवटी बापूसाहेब बक्षींना घेऊन सदर भागात तिवारीजींच्या घरीच गेले. तिवारीजींनी चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, की दुसऱ्या सीटवर माणूस बसला तर ते उडणं एकट्याचं धरत नाहीत. शिवाय शिकाऊ पोरीनं कोणाला बसवून नेलं, तर ती आणि मी दोघंही जेलमध्ये बसू, तिथे मात्र सोबत भरपूर. बापूसाहेब परत आले ते मान खाली घालून. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस. छापील नियमापुढे ते देवापुढे जोडावे तसे हात जोडत. आणि आता एका बाजूला छापील नियम आणि दुसऱ्या बाजूला वाघ.

शनिवारी दुपारी प्रतिमा फॅक्टरीतून आली आणि हातपाय न धुता सरळ त्यांच्या ताटासमोर येऊन बसली.

"बापू, एक सांगा. तो आपला डाकवाला. थैली कोणाला द्यायची होती त्याला?"

"मंडल्याच्या किल्लेदाराला."

"मग, पोचली का थैली?"

बापूसाहेबांचा हात थांबला. पिढ्यान् पिढ्या या घरात वाघाची गोष्ट सांगितली गेली होती. वाघ केवढा होता, कुठल्या नाल्याशी दबा धरून होता, पागोटं कुठे सापडलं, सगळं. थैलीबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

"पोचली," ते म्हणाले. "आमचे आजोबा सांगत. थैली देऊन परत येत होता, तेव्हा वाघ भेटला."

"म्हणजे काम त्यानं एकट्यानं केलं."

बापूसाहेब ताटातल्या मिठाकडे बघत राहिले. बराच वेळ बघितल्यावर त्यात काही सापडल्यासारखं त्यांनी मान वर केली.

"केलं," ते म्हणाले. "मग तूही कर. परतताना जपून ये."

आत्या यावर काही बोलली नाही. उठली आणि स्वयंपाकघरात गेली. शरयूआत्या काही बोलत नाही, ही गोष्ट त्या घरात कोणाच्या तरी ध्यानात यायला हवी होती. आली नाही, कारण प्रतिमाला पहिल्यांदाच होकार मिळाला होता आणि बापूसाहेबांना पहिल्यांदाच आपल्या पूर्वजाचा अभिमान वाटत होता.

रविवारी सकाळी डुमन्याला हवा काचेसारखी होती. बापूसाहेब बक्षींसह तारेच्या कुंपणापाशी उभे राहिले. आत्याच्या हातातली पिशवी नेहमीपेक्षा जड दिसत होती, पण समारंभाचा दिवस, शंकरपाळे जास्त असतील असं सगळ्यांनी धरलं. प्रतिमानं विमान नेहमीसारखं तपासलं: पंखांना हात लावून, चाकं दाबून, पॅडलं हलवून, सीटांखाली वाकून. मग तिवारीजींना घेऊन दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही वेळा उतरताना विमान एकेकदाच दचकलं. तिवारीजींनी इंजिन बंद करायला लावलं, स्वतः उतरले, आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा नियमाप्रमाणे घट्ट बांधून ठेवला, आणि प्रतिमाला घेऊन वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी टांगली होती त्या खांबापर्यंत गेले, शेवटच्या चार गोष्टी सांगायला.

तेवढ्यात आत्या हळदकुंकू घेऊन विमानापाशी आली. मेकॅनिक गणपतनं तिला अडवलं नाही. कारखान्यातल्या नव्या लेथलासुद्धा कुंकू लागतं, विमानानं काय घोडं मारलं. आत्यानं नाकाला कुंकू लावलं, चाकांना लावलं, मग तिवारीजींच्या बाजूचं दार उघडून आत वाकली. जरा जास्तच वेळ वाकली. दार लावून निघाली तेव्हा पिशवी हलकी झाली होती.

तिवारीजींनी आवाज दिला, चलो बिटिया, हवा बढ़ रही है. प्रतिमा धावत आली आणि चढली. सीटांखाली दुसऱ्यांदा वाकायला हवं होतं. आत्ताच तर बघितलं होतं, म्हणून वाकली नाही. गणपतनं पंखा हातानं फिरवला, इंजिन सुरू झालं, आणि विमान निघालं.

तिवारीजी खोटं बोलत नव्हते. त्यांच्याशिवाय विमान म्हणजे दावं सुटलेलं वासरू. धावपट्टी अर्धी संपायच्या आतच जमीन सुटली आणि मोहाचं झाड, आत्याची खुर्ची, कुंपणाशी उभे असलेले दोन मफलर झपाट्यानं लहान झाले. प्रतिमानं हिशेबानं वळणं घेतली. लांबवर फॅक्टरीची धुरांडी दिसत होती. वळून ती धावपट्टीच्या रांगेत आली, इंजिन कमी केलं, नाक खाली केलं.

तेव्हा शेजारच्या सीटखालून काहीतरी घरंगळलं. जड, गोल, सावकाश. आणि ठक् करून थांबलं. तिनं उजवा पाय दाबला. पाय जाईना.

तिनं तिकडे बघितलं. तिवारीजींच्या उजव्या पॅडलच्या मागे, बरोबर खोबणीत, कोणीतरी तिच्याकडे बघत पडलं होतं. अंगाला खाकी मफलर गुंडाळलेला, डोक्याला जरीचं टोपडं, त्याखाली काजळाचे दोन डोळे. एका टोकाचा टवका उडालेला. त्या टवक्यावरून तिनं त्याला ओळखलं. घरचा वरवंटा होता. बारशाला वरवंट्याला टोपडं घालून बाळाशेजारी पाळण्यात निजवतात, बाळाला पहिली सोबत म्हणून. प्रतिमाच्या बारशाला तिच्याशेजारी हाच निजला होता. त्यानंतर त्यांची अशी भेट आजच होत होती.

जमीन वर येत होती. वारा विमानाला डावीकडे ढकलत होता आणि ते सरळ करायला उजवा पाय हवा होता. तिचा स्वतःचा पट्टा बांधलेला, हात तिथवर पुरेना. चुलीजवळ उतरताना अशी वेळ कधी आली नव्हती. पण पाट्यावर तिनं एक गोष्ट हजारदा बघितली होती: उतार जिकडे, वरवंटा तिकडे. नाक खाली आहे म्हणून हा पुढे आला. नाक वर केलं तर मागे जाईल. तिनं इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि नाक वर घेतलं. विमान धावपट्टीवरून तसंच गरजत वर निघून गेलं. पायाशी घरंगळल्याचा आवाज झाला, मागे मागे गेला, आणि उजवं पॅडल मोकळं झालं.

खाली तिवारीजींनी डोक्याला हात लावला असणार. तिनं तिकडे बघितलं नाही. पुन्हा नाक खाली केलं की हा पुन्हा पुढे येणार, हे उघड होतं; आणि नाक खाली न करता अजून कोणी उतरलेलं नव्हतं. पुरेशी उंची आल्यावर तिनं विमान सरळ धरलं, दांडा डाव्या हातात घेतला, डावा पंख खाली झुकवला आणि उजवा पाय दाबून विमान वळू दिलं नाही. तिवारीजींनी शिकवलं होतं तसं ते तिरकं, डावीकडे घसरू लागलं. वरवंट्यालाही घसरणं भाग होतं. तो दोन सीटांच्या मधून बाहेर आला, आज्ञाधारक, टोपडं जरा वाकडं झालेलं. उजव्या हातानं तिनं मफलरची शेपटी पकडली, ओढून त्याला तिवारीजींच्या सीटवर घेतलं, बांधलेल्या पट्ट्याखाली रेटून कोंबलं आणि पट्ट्याचं टोक दातओठ खाऊन ओढलं. हलवून बघितलं. हलला नाही.

मग ती उतरली. विमान बराच वेळ जमिनीवर तरंगत राहिलं, टेकायला तयार होईना. तिनं घाई केली नाही. चाकं टेकली, दोनदा दचकली, तिसऱ्यांदा दचकायचा विचार करून राहून गेली.

तिवारीजी धावत आले. त्यांना धावताना याआधी कोणी बघितलं नव्हतं. उतरते-उतरते फिर काहे उठ गईं, असं विचारता विचारता त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. त्यांच्या सीटवर, त्यांचा पट्टा बांधून, टोपडं घातलेला एक गृहस्थ बसला होता.

"ये कौन है?" त्यांनी विचारलं.

"सोबत आहे," मागून आलेली आत्या म्हणाली. "आपकी जगह पर. वजन भी होगा, सोबत भी. पाटा आणणार होते, पण उचलवला नाही."

प्रतिमानं इंजिन बंद केलं. आवाज थांबल्यावर तिचं बोलणं फार सावकाश ऐकू आलं.

"आत्या, हा घरंगळला. तिवारीजींच्या पॅडलमागे जाऊन अडकला. माझा उजवा पाय चालेना."

आत्यानं वर्षभर मोहाखाली बसून शंकरपाळ्यांची विमानं ऐकली होती. उजवा पाय कशाला लागतो, हे तिला सांगावं लागलं नाही. ती तिथंच गवतात खाली बसली. पुढचे किती तरी दिवस वरवंट्याला हात लावताना ती आधी प्रतिमाकडे बघत असे.

बापूसाहेब आणि बक्षी कुंपण ओलांडून आले. आता खटला तिवारीजींपुढे होता. माणूस बसला असता तर उडणं एकट्याचं धरलं नसतं. त्यांनी वरवंटा पट्ट्यातून काढला, हातात तोलला, टोपडं सरळ केलं आणि निकाल दिला, की हे सामान आहे. सोलो गिना जाएगा. नाव वर जाईल.

बापूसाहेबांचा चेहरा उजळला. छापील नियमही राहिला आणि वाघाचाही मान राहिला. असा निकाल रेल्वेतसुद्धा कोणी दिला नसता. ते बक्षींना म्हणाले, चला, रिक्षा बघू.

प्रतिमा मात्र खाली उतरलीच नाही.

"तिवारीजी, पेट्रोल है?"

"है. काहे?"

"और एक चक्कर."

"हो गया न, बिटिया. कागज पे हो गया."

"कागज पे हुआ," प्रतिमा म्हणाली. "लेकिन मैं अकेली नहीं थी."

तिवारीजींनी तिच्याकडे बघितलं, मग वाऱ्याच्या पिशवीकडे बघितलं. पिशवी फारशी फुगलेली नव्हती. त्यांनी गणपतला हाक मारली.

प्रतिमानं तिवारीजींच्या हातातून वरवंटा घेतला आणि खाली आत्याच्या हातात दिला.

"हा धर. आणि खरं सांग, आत अजून काही ठेवून राहिली आहेस का?"

आत्या उठली, आत वाकली आणि सीटच्या मागच्या कप्प्यातून एक सुपारी काढली. "एवढीच," ती म्हणाली. प्रतिमानं तिच्या कमरेच्या बटव्याकडे बोट दाखवलं. आत्यानं सुपारी बटव्यात टाकली.

मग प्रतिमा स्वतः उतरली आणि विमान पहिल्यापासून तपासलं, पंखांपासून सीटांखालपर्यंत, कोणाची घाई नसल्यासारखं. तिवारीजींनी घाई केली नाही. रिकाम्या सीटचा पट्टा तिनं स्वतः बांधला. गणपतनं पंखा फिरवला.

या वेळी वर गेल्यावर तिला चैन पडायला थोडा वेळ लागला. उजवीकडे बघायची सवय होती. तिनं बघितलं, तिथं पट्टा होता. पायाशी काही घरंगळलं नाही. खाली जंगलाचा तुकडा, पलीकडे फॅक्टरीची लांबच लांब छपरं, आणि त्यातल्या कुठल्या तरी एका छपराखाली तिचं टेबल, त्यावर ताणलेलं कापड. ज्या रेषेत ती आता चालली होती, ती खाली कोणी आधी काढून ठेवलेली नव्हती. वळण जरा मोठं झालं. खरवडायला कोणी आलं नाही.

उतरताना एकदा दचकलं. ते मोजायचं नाही, असं तिनं ठरवलं.

आत्या वरवंटा कडेवर घेऊन उभी होती, पोराला विमान दाखवायला आणल्यासारखी. प्रतिमा खाली उतरली. बापूसाहेब पुढे आले. त्यांनी तिला नखशिखांत बघून एवढंच विचारलं,

"परतताना कोणी भेटलं?"

"कोणी नाही."

"ठीक आहे," बापूसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विमान गेलं. पुढच्या महिन्यात लढाई लागली, फॅक्टरीचा भोंगा रात्रंदिवस वाजू लागला, आणि प्रतिमाचं नाव जिथं जायचं होतं तिथं गेलं की फायलींत अडकलं, हे बरेच महिने कळलं नाही. ती रोज फॅक्टरीत जात होती. उडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, रोज तिला फॅक्टरीपर्यंत सोबत करणारी शेजारची ज्योती तिची वाट बघत दारात उभी राहिली, तेव्हा आत्यानं बाहेर येऊन सांगितलं, की ती मघाशीच गेली. कोणाबरोबर, ज्योतीनं विचारलं. आत्या म्हणाली, की थैली घेऊन गेली आहे.

त्या उडण्याच्या रविवारी मात्र डुमन्याहून सगळे एकाच रिक्षात कोंबून परत आले होते, वरवंटा आत्याच्या मांडीवर. उशीर झालेला, भुका लागलेल्या. आत्यानं तो धुतला, काजळ पुसलं आणि घाईघाईनं चटणी वाटली. जेवताना बापूसाहेबांच्या घासात खाकी लोकरीचा एक धागा आला. त्यांनी तो हळूच काढला, ताटाच्या कडेला मिठाशेजारी ठेवला, आणि ताक मागितलं.